पॅच उघडताच काय वाजणार, हे कोण ठरवतं?

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याच्या एका वाड्यावर चवथीच्या देखाव्यासाठी प्युअर डेटामध्ये (थोडक्यात पीडी; ऑब्जेक्ट नावाची खोकी पडद्यावर वायरांनी जोडून आवाजाचे प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) पॅच, म्हणजे असा एक प्रोग्रॅम, केला आहे. मागे संथ तानपुरा, त्यावर घुमट आणि शामेळ या तालवाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांचा ठेका, आणि माटोळीभोवती (गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट) आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारी एलईडीची पट्टी. घरी लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. पण मंडपात वीज जाऊन आली आणि तिथला संगणक आपोआप सुरू झाला की कधी सूर काळी एकऐवजी काळी दोनला लागतो, कधी ठेक्याच्या जागी नुसती घरघर येते, सुरुवातीलाच स्पीकरमधून दणका बसतो आणि पट्टी अंधारीच राहते. ‘लोडबँग (पॅच उघडताच आपोआप इशारा देणारे ऑब्जेक्ट) तर सगळीकडे लावले आहेत, तरी असं का? सुरुवातीच्या व्हॅल्यू स्पष्ट दिसतील अशा कशा मांडायच्या?’ हा मुख्य प्रश्न. पुढच्या वर्षी हेच मॅक्समध्ये, याच जातीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, न्यायचं आहे, तिथे काय बदलेल, हा उपप्रश्न.

लोडबँग सगळीकडे लावले आहेत, म्हणूनच असं होतंय. चारपैकी तीन तक्रारींचं मूळ तिथेच आहे. पट्टीचं कारण वेगळं, त्याकडे नंतर येतो.

आधी ‘घरी चालतं’ याबद्दल. घरी तुम्ही पॅच संध्याकाळभर उघडा ठेवून काम करता. स्लायडर हलवता, नंबर बॉक्स ओढता, मेसेज बॉक्सवर टिचकी मारता. यातली प्रत्येक हालचाल कुठल्यातरी कोल्ड इनलेटमध्ये (आलेला आकडा नुसता साठवणाऱ्या प्रवेशद्वारात) एक आकडा ठेवून जाते, आणि तो आकडा पडद्यावर दिसत नाही. ‘+ ३’ लिहिलेल्या ऑब्जेक्टच्या उजव्या इनलेटमध्ये ७ आला की आत ७ बसतो, बाहेर मात्र ३च लिहिलेला राहतो. म्हणजे तुमच्यासमोर जो पॅच चालत असतो तो फाइलमधला पॅच नसतोच. फाइलमधला पॅच आणि तासाभराच्या हाताळणीचा साठा मिळून तो बनलेला असतो. वीज गेली की तो साठा जातो आणि उरते ती फक्त फाइल. ज्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरांवरून ही वायरा जोडायची रीत आली, त्यांचं एक बरं होतं. वीज गेली तरी खुंटी जिथे फिरवून ठेवली तिथेच राहायची, आणि डोळ्यांना दिसायची. मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स घडवलं आणि १९९० च्या दशकात प्युअर डेटा. दोन्हींत वायरा पडद्यावर आल्या, खुंटीची ती आठवण आली नाही. ती आपल्याला लिहून द्यावी लागते.

लिहून द्यायची म्हणजे कुठे, हा खरा मुद्दा. पीडीत सुरुवातीची व्हॅल्यू देण्याच्या जागा पुष्कळ आहेत. ऑब्जेक्टच्या नावापुढे आकडा लिहिता येतो. स्लायडर, टॉगल, रेडिओ यांच्या गुणधर्मांत ‘इनिट’ चालू करता येतं. लोडबँगखाली मेसेज बॉक्स लावता येतो. अ‍ॅबस्ट्रॅक्शनला (वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ऑब्जेक्टसारखा वापरायचा पॅच) बाहेरून आर्ग्युमेंट, म्हणजे नावापुढचा आकडा, देता येतं. आतून त्याचा स्वतःचा लोडबँगही असू शकतो. यातली कुठलीही जागा वाईट नाही. घोळ होतो तो एकाच व्हॅल्यूला दोन जागी मालक मिळाले की. माझा नियम असा: प्रत्येक व्हॅल्यूचा मालक एकच, आणि पॅच उघडून अर्ध्या मिनिटात तो बोट दाखवून सांगता आला पाहिजे.

त्यासाठी एक भेद मनात पक्का हवा. तुमच्या तानपुऱ्यात षड्जाची वारंवारता आहे आणि त्यावरून पंचम काढायला ‘* १.५’ आहे. हा १.५ सुरुवातीची व्हॅल्यू नव्हे. षड्ज-पंचमाचं ते नातं आहे, पॅच चालू असताना ते कधी बदलणार नाही. असे आकडे ऑब्जेक्टमध्येच लिहावेत. त्यांना लोडबँगने हलवायला जाऊ नये, आणि त्यांच्या उजव्या इनलेटला वायर तर मुळीच लावू नये. षड्ज कुठला, लय किती, आवाज किती, ठेका चालू की बंद, पट्टीचा रंग कुठला, ही झाली सुरुवातीची अवस्था. ती बदलणारी गोष्ट आहे आणि तिचा मुक्काम एका ठिकाणी हवा. बहुतेक पॅचांत ही दोन्ही प्रकारची आकडेमोड एकमेकांत कालवलेली असते. ती वेगळी काढली की निम्मं काम झालं. घुमटाचा नमुना शामेळापेक्षा मंद ध्वनिमुद्रित झाला असेल आणि तुम्ही त्याला ‘*~ १.८’ दिला असेल, तर तोही पहिल्या प्रकारातला. तो त्या नमुन्याचा गुण आहे, त्याला तिथेच राहू द्या.

आता तक्रारी. काळी दोनचं कोडं बहुधा असं आहे. तुमच्या स्वराच्या स्लायडरला ‘इनिट’ चालू असणार, आणि शिवाय कुठेतरी लोडबँगखाली ४९ (मिडीच्या आकड्यांत काळी एक; काळी दोन म्हणजे ५१) लिहिलेला मेसेज बॉक्स असणार. ‘इनिट’ चालू असलेला स्लायडर ठरावीक आकडा लक्षात ठेवत नाही. फाइल सेव्ह करताना तो जिथे असेल ती जागा लक्षात ठेवतो. तालमीच्या वेळी कुणा गायिकेसाठी सूर वर घेतला, नंतर वेगळ्याच कामासाठी कंट्रोल-एस दाबलं, झालं. आता फाइलमध्ये दोन दावेदार आहेत, एक ५१ म्हणतो आणि एक ४९. उघडताना दोघेही बोलतात आणि जो शेवटी बोलतो तो जिंकतो. शेवटी कोण बोलणार? एकाच खिडकीत हा क्रम ऑब्जेक्ट फाइलमध्ये कुठल्या क्रमाने लिहिले गेले त्यावर जातो. पडद्यावर तो दिसत नाही. एखादा ऑब्जेक्ट कट करून पुन्हा पेस्ट केलात तर तो फाइलच्या शेवटी जातो, म्हणजे नुसती मांडणी आवरताना सूर बदलू शकतो. ‘कधी काळी एक, कधी काळी दोन’ यातलं ‘कधी’ हे बहुधा ‘शेवटचं सेव्ह कधी केलं’ याच्याशी जुळेल, पडताळून पाहा.

घरघरीचं कारण अधिक मजेशीर आहे. लय ८० असेल तर मेट्रोला, म्हणजे ठरावीक अंतराने ठोके देणाऱ्या ऑब्जेक्टला, ६०००० भागिले ८०, म्हणजे ७५० मिलिसेकंद द्यायचे. तुम्ही ६०००० हा आकडा भागाकाराच्या डाव्या इनलेटला आणि लय उजव्याला दिली असणार. उजवा इनलेट कोल्ड, म्हणजे तो फक्त आकडा साठवतो. डावा हॉट, तो आला की गणित होतं. उघडताना ६०००० आधी पोचला आणि लय मागाहून आली, तर भागाकार शून्याने झाला. पीडी अशा वेळी तक्रार करत नाही, उत्तर म्हणून ० देतं. मेट्रोला ० मिळाला की तो थांबत नाही, तो मध्यांतर १ मिलिसेकंद धरतो. सेकंदाला हजार ठोके म्हणजे ठेका नव्हे, घरघरच. नुसता ‘मेट्रो’ लिहून आर्ग्युमेंट न देता सोडला तरी हेच होतं. म्हणून मेट्रोपुढे नेहमी शहाणा आकडा लिहावा, ‘मेट्रो ७५०’, जरी नंतर तो बदलणार असला तरी. हा मालक नव्हे, जामीन आहे, आणि शेजारी तशी कॉमेंट टाकावी. भागाकारासाठी लय आधी ‘क्लिप ३० २४०’ मधून न्या आणि मग ‘स्वॅप ६००००’ मधून. स्वॅप आधी उजवीकडून लय सोडतो, मग डावीकडून ६००००, त्यामुळे क्रम कायमचा बसतो आणि शून्य तर येऊच शकत नाही.

दणक्याचं निदान सोपं आहे. ऑडिओ चालू करणारा ‘पीडी डीएसपी १’ हा मेसेज आणि आवाजाची पातळी हे दोन वेगवेगळ्या लोडबँगवर आहेत. ऑडिओ आधी चालू झाला आणि डॅकच्या (स्पीकरकडे आवाज सोडणाऱ्या ऑब्जेक्टच्या) वरचा गुणाकार तेव्हा १ वर असला की दणका ठरलेलाच.

तर तिन्हींचा उपाय एकच. सगळे लोडबँग काढून टाका आणि एकच ठेवा. कुठे कुठे आहेत ते शोधायला पीडीतला शोध वापरा, किंवा सरळ फाइलच टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पीडीची फाइल साधा मजकूर असते, त्यात लोडबँग शोधणं मिनिटाचं काम आहे. स्लायडर आणि टॉगल यांचं ‘इनिट’ही बंद करा.

मग ‘इनिट’ नावाचा एक सबपॅच करा आणि तो मुख्य खिडकीत वर डाव्या कोपऱ्यात, सहज नजरेस पडेल असा ठेवा. आत लोडबँग, त्याखाली एक बँग बटण, आणि त्याखाली पाच बी (बी म्हणजे बँग, नुसता ‘चल’ असा इशारा) असलेला ट्रिगर. बटण मध्ये घालायचं कारण असं की पॅच बंद न करता तुम्हाला सुरुवातीची अवस्था हाताने परत आणता येते. प्रयोगाच्या मध्यावर काही बिघडलं तर हे बटण सोन्याचं ठरतं.

ट्रिगर उजवीकडून डावीकडे बोलतो, म्हणून सर्वांत उजवा बँग पहिला. त्याचं काम शांतता: ठेका बंद, आवाज शून्य. दुसऱ्या बँगवर घुमट आणि शामेळाचे नमुने साउंडफाइलरने टेबलमध्ये वाचून घ्यायचे. साउंडफाइलर वाचून होईपर्यंत पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे इथे वेगळी वाट पाहायला नको. फाइलचा पत्ता मात्र पॅचच्या फोल्डरपासून धरून लिहा. तुमच्या लॅपटॉपवरचा पूर्ण पत्ता लिहिलात तर मंडपातल्या संगणकावर टेबलं रिकामी राहतील. तिसऱ्या बँगवर व्हॅल्यू. चौथ्यावर ऑडिओ चालू. पाचव्यावर, म्हणजे सर्वांत डाव्यावर, ५०० मिलिसेकंदांचा ‘डिले’, आणि मगच आवाज वर आणि ठेका चालू. संगीत नाटकात आधी तबला स्वरात मिळवून घेतात आणि मग पडदा वर जातो, तोच हा क्रम.

एका आउटलेटमधून पाच वायरा काढून हेच करता येईल, असं वाटेल. करू नका. पीडीत एका आउटलेटच्या अनेक वायरा ज्या क्रमाने जोडल्या त्या क्रमाने चालतात, आणि तो क्रम पडद्यावर कुठेच उमटत नाही. एक वायर तोडून पुन्हा जोडलीत की ती शेवटी गेली. ट्रिगरमध्ये क्रम वाचता येतो, फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

तिसऱ्या बँगवरच्या व्हॅल्यू कशा मांडायच्या, यावर थोडं रेंगाळतो, कारण ‘स्पष्ट’ हा शब्द तुमच्या प्रश्नात होता आणि स्पष्टपणा इथेच मिळतो किंवा हरवतो. पीडीच्या मेसेज बॉक्सची एक सोय बरेच जण वापरत नाहीत. मेसेज अर्धविरामाने सुरू केला की पुढचा प्रत्येक तुकडा आउटलेटमधून न जाता थेट त्या नावाच्या रिसीव्हकडे (वायरीशिवाय मेसेज घेणाऱ्या ऑब्जेक्टकडे) जातो. म्हणजे एकाच बॉक्समध्ये ओळीखाली ओळ लिहिता येतं: ‘; सा ४९’, ‘; लय ८०’, ‘; रंग ३’. हा झाला तक्ता. वरून खाली वाचायचा, आणि वरून खालीच तो पाठवला जातो. पॅचमध्ये जिथे गरज तिथे त्या नावाचा रिसीव्ह. सहा महिन्यांनी फाइल उघडलीत तरी सुरुवातीची सगळी अवस्था एका नजरेत दिसते, आणि सूर बदलायचा तर एकच आकडा बदलायचा. एक पथ्य आहे. एकाच नावाचे दोन रिसीव्ह असतील तर त्यांच्यात आधी कोण, यावर विसंबू नका. तो क्रम महत्त्वाचा असेल तर एकच रिसीव्ह ठेवून त्याखाली ट्रिगर लावा.

आकडे माणसाच्या भाषेत लिहा. वारंवारता १३८.५९ हर्ट्झ अशी न लिहिता मिडीचा ४९ लिहा आणि ‘एमटूएफ’ला रूपांतर करू द्या. मग काळी दोन ५१, पांढरी एक ४८, काळी चार ५६, हे पेटीवर बोट ठेवून मोजता येतं, आणि शेजारी कॉमेंटमध्ये ‘काळी एक’ असं लिहिलं की पेटीवाल्यालाही पॅच वाचता येतो. पंचम मात्र मिडीने ५६ असा काढू नका, तो समविभाजित येईल आणि तानपुऱ्यात किंचित उतरलेला ऐकू येईल. तिथे तो ‘* १.५’च हवा. आवाजाचंही तेच. ०.१ लिहिण्यापेक्षा ८० लिहा आणि ‘डीबीटूआरएमएस’मधून न्या. पीडीत १०० डेसिबल म्हणजे १, ८० म्हणजे ०.१, आणि ० म्हणजे पूर्ण शून्य. पुढे ‘पॅक ० ३००’ आणि ‘लाइन~’ लावून डॅकच्या वरच्या ‘*~’ ला द्या. तो ‘*~’ आर्ग्युमेंटशिवाय लिहा. आर्ग्युमेंट दिलं की त्याचा उजवा इनलेट सिग्नल घेत नाही, फक्त आकडा घेतो. ‘लाइन~’ जन्मतः शून्यावर असते, म्हणजे कुणी काही सांगेपर्यंत पॅच गप्प. मंडपात ही फार सुरक्षित सवय आहे.

स्लायडरांचं काय? ‘इनिट’ बंद केल्यावर ते उघडताना शून्यावर दिसतील आणि प्रत्यक्ष व्हॅल्यू वेगळी असेल. असा खोटं बोलणारा पडदा मला चालत नाही. म्हणून तक्त्यातली व्हॅल्यू थेट पॅचला न देता स्लायडरला द्या. स्लायडरच्या गुणधर्मांत रिसीव्हचं नाव लिहायची जागा असते, तिथे ‘सा’ लिहा आणि स्लायडरच्या आउटलेटमधून पुढे वायर काढा. मग तक्ता बोलला की स्लायडर हलतो, आणि स्लायडरमधूनच आकडा पुढे जातो. नुसतं दृश्य बदलायचं आणि पुढे काही पाठवायचं नाही, अशी वेळ आली तर ‘सेट’ लावलेला मेसेज आहेच.

आता घुमटाचं अ‍ॅबस्ट्रॅक्शन. तुम्ही त्याच्या तीन प्रती वापरता असं म्हणता. अ‍ॅबस्ट्रॅक्शनच्या आतले लोडबँग त्याला वापरणाऱ्या पॅचच्या लोडबँगआधी चालतात. हा नियम पक्का आहे आणि कामाचा आहे. आत ‘काहीच सांगितलं नाही तर हे’ अशी बिनधोक व्हॅल्यू ठेवा, आणि बाहेरचा तक्ता नंतर येऊन त्यावर खरी व्हॅल्यू लिहील. मी ‘एकच लोडबँग’ म्हटलं त्याला हा एवढाच अपवाद, आणि तोही ज्या अ‍ॅबस्ट्रॅक्शनला दुसऱ्या पॅचमध्ये एकटं जगायचं आहे त्यालाच. इथे एक गंमत होते, ती माहीत असू द्या. उघड्या पॅचमध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्शनचं नाव नव्याने टाइप केलंत की त्याचा लोडबँग त्याच क्षणी वाजतो. तेव्हा त्याला एकही वायर जोडलेली नसते, म्हणून आउटलेटमधून आलेली व्हॅल्यू हवेत जाते. तुम्ही वायर जोडता, काही होत नाही, तासभर डोकं खाजवता. फाइल बंद करून उघडली की सगळं ठीक. आणि मुख्य पॅचमध्ये नव्याने टाकलेला साधा लोडबँग ऑब्जेक्ट तर फाइल पुन्हा उघडेपर्यंत वाजतच नाही.

आर्ग्युमेंट न दिलेल्या अ‍ॅबस्ट्रॅक्शनमध्ये डॉलर-एकची, म्हणजे पहिल्या आर्ग्युमेंटची, किंमत ० असते. त्यामुळे ‘फ्लोट’मधून डॉलर-एक काढायचा, ‘सिलेक्ट ०’ला द्यायचा आणि शून्य आला तर ठरावीक आकडा घालायचा, ही रूढ युक्ती आहे. ती चालते, पण कुणाला खरोखरच शून्य हवा असेल तर त्याला तो कधीच मिळत नाही. जिथे शून्य ही अर्थपूर्ण व्हॅल्यू आहे, उदाहरणार्थ आवाज, तिथे ही युक्ती वापरू नका.

प्रतींच्या आतली नावं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून डॉलर-शून्य (प्रत्येक प्रतीला मिळणारा वेगळा आकडा) लावता ते योग्य आहे. पण मेसेज बॉक्समध्ये डॉलर-शून्य उलगडत नाही. तिथे डॉलरचे आकडे आत येणाऱ्या मेसेजचे असतात. म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्शनच्या आत तक्ता लिहायचा तर आधी ‘एफ डॉलर-शून्य’ मधून तो आकडा काढा, तो मेसेज बॉक्सला द्या, आणि बॉक्सच्या आत नावाच्या आधी डॉलर-एक आणि डॅश लिहा. पहिल्यांदा विचित्र वाटतं, मग हाताला बसतं.

काही ऑब्जेक्ट सुरुवातीला गप्प राहतात आणि दोष भलतीकडे जातो. ‘स्पिगॉट’ म्हणजे मेसेज अडवणारं किंवा सोडणारं फाटक, तो आर्ग्युमेंटशिवाय बंदच असतो, उघडा हवा तर ‘स्पिगॉट १’. ‘चेंज’ची आतली पहिली व्हॅल्यू ० असते, म्हणून सुरुवातीला आलेला ० तो पुढे जाऊच देत नाही. तुमची पट्टी बंद ठेवण्यासाठी पाठवलेला शून्य असाच अडकत असेल. तिथे ‘चेंज -१’ लिहा. ‘रँडम’ दर वेळी पीडी नव्याने सुरू झाल्यावर तीच मालिका पुन्हा देतो. घुमटाच्या बोलांत रोज संध्याकाळी तीच ‘उत्स्फूर्तता’ ऐकू येत असेल तर ‘सीड’ मेसेजने वेगळा आकडा द्या. तपासणीच्या काळात मात्र ती एकच मालिका असणं सोयीचं असतं.

पट्टी. इथे पॅचचा दोष जवळजवळ नाही. आर्डुइनो उनो सारख्या बोर्डावर सीरियल पोर्ट उघडला की बोर्ड स्वतः रीसेट होतो, आणि त्याचा बूटलोडर आटपायला एक-दोन सेकंद जातात. तुमचा लोडबँग पोर्ट उघडतो आणि लगेच रंग पाठवतो. तो रंग ऐकायला त्या वेळी कुणी जागं नसतं. घरी चालतं कारण तिथे पोर्ट आधीच उघडा असतो आणि तुम्ही नंतर हाताने रंग बदलता. दोन सेकंदांचा ‘डिले’ हा सोपा उपाय. चांगला उपाय असा की आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये ‘सेटअप’च्या शेवटी एक ठरावीक बाइट पाठवायचा, आणि पीडीने तो मिळाला की मगच रंग धाडायचा. मी दुसरा निवडेन. यूएसबीची वायर कुणाच्या पायात अडकून सुटली, परत लावली आणि पोर्ट पुन्हा उघडला, तरी बोर्ड पुन्हा ‘तयार’ म्हणेल आणि रंग आपोआप येईल. मंडपात पाय वायरीत अडकणार हे गृहीतच धरायचं. याचा अर्थ असा की रंग तक्त्यात राहू द्या, पण तो एका ‘फ्लोट’च्या उजव्या इनलेटमध्ये साठवा, आणि डाव्या इनलेटला बँग द्यायचं काम आर्डुइनोवर सोपवा. व्हॅल्यूची मालकी आणि ती पाठवायची वेळ या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाशी बोलतानाही हेच, ‘नेटसेंड’ जोडणी झाल्याचा १ देतो, त्यावरच पुढचं सोडायचं.

फेडरचा मिडी कंट्रोलर जोडणार असाल तर लक्षात ठेवा, साधे कंट्रोलर आपली खुंटी कुठे आहे हे हलवल्याशिवाय सांगत नाहीत. तक्ता आवाज ८० ला लावेल, फेडर प्रत्यक्षात तळाला असेल, आणि कुणी बोट लावताच आवाज एकदम खाली येईल. फेडर सध्याच्या व्हॅल्यूला ओलांडून जाईपर्यंत त्याचं ऐकायचं नाही, असं छोटं फाटक मध्ये घाला.

सगळं जोडून झालं की तपासणी अशी करा. पॅच बंद करून उघडणं पुरेसं नाही, पीडी पूर्ण बंद करा. तक्त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नावाला तात्पुरता ‘प्रिंट’ लावा, प्रत्येकाला वेगळं नाव देऊन. कन्सोलमध्ये ओळी कुठल्या क्रमाने येतात ते पाहा. त्यानंतर मंडपातल्या संगणकाचा प्लग खरोखर ओढा, स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून. भाद्रपदातला पाऊस हे काम तुमच्यासाठी करणारच आहे, आपण आधी केलेलं बरं. पॅच उघडताच काहीतरी भडकत असेल आणि हात घालायलाही वेळ मिळत नसेल, तर पीडी ‘-नोलोडबँग’ पर्यायाने सुरू करा. सगळे लोडबँग गप्प राहतात आणि निवांतपणे आत पाहता येतं.

नाटकासाठी प्रवेशागणिक वेगळी अवस्था हवी असेल, तर तक्ता मेसेज बॉक्समधून काढून ‘टेक्स्ट डिफाइन’मध्ये न्या आणि त्याला ‘-के’ हा पर्याय द्या, म्हणजे मजकूर पॅचबरोबर सेव्ह होतो. एका ओळीत एक प्रवेश. देखाव्याला याची गरज नाही.

मॅक्समध्ये नेताना विचार तोच राहतो, तपशील बदलतात. एका आउटलेटच्या अनेक वायरा तिथे जोडणीच्या क्रमाने चालत नाहीत, पडद्यावरच्या जागेप्रमाणे उजवीकडून डावीकडे चालतात. ऐकायला हे अधिक स्पष्ट वाटतं, पण ऑब्जेक्ट इकडचा तिकडे सरकवला की क्रम बदलतो, म्हणून ट्रिगर तिथेही हवाच. लोडबँग आणि मेसेज मिळून ‘लोडमेस’ हा एकच ऑब्जेक्ट आहे. फार सोयीचा, आणि म्हणूनच पॅचभर पसरण्याचा मोह होतो. अ‍ॅबस्ट्रॅक्शनसाठी ‘पॅचरआर्ग्ज’ आहे. न दिलेल्या आर्ग्युमेंटच्या जागी काय धरायचं ते त्यात लिहिता येतं, शून्याची ती युक्ती लागत नाही. डॉलर-एकच्या जागी ऑब्जेक्टमध्ये हॅश-एक येतो. लोडबँगवर डबल क्लिक केलं की तो पुन्हा वाजतो, आणि फाइल उघडताना मॅकवर कमांड व शिफ्ट दाबून धरले की सगळे लोडबँग थांबतात.

दोन ठिकाणी मात्र डोळे उघडे ठेवा. पीडीत सगळे आकडे दशांशाचे असतात, मॅक्समध्ये आर्ग्युमेंट कसं लिहिलं यावरून ऑब्जेक्टचा प्रकार ठरतो. ‘* १’ हा पूर्णांकाचा गुणाकार आहे, त्यात ०.१ गेला की बाहेर ० येतो आणि पॅच मुका होतो. ‘* १.’ असं, एकापुढे टिंब देऊन लिहायचं. दुसरं डेसिबलचं. मॅक्सच्या ‘डीबीटूए’मध्ये ० डेसिबल म्हणजे १. तुमच्या तक्त्यातला आवाजाचा ८० तिथे तसाच नेलात तर गुणक ०.१ च्या जागी १०,००० होईल. तिथे -२० लिहा, आणि पहिल्यांदा उघडताना अ‍ॅम्प्लिफायर बंदच असू द्या.